शनिवारची तपासणी का झाली नाही?

एका माध्यमिक शाळेच्या संगणक कक्षाची कल्पना करा. कक्षात बारा संगणक आहेत. शनिवारी शाळा सकाळची असल्यामुळे दुपारी कक्ष रिकामा असतो. म्हणून संगणकाच्या शिक्षकांनी प्रत्येक यंत्राला असे सांगून ठेवले आहे की, दर शनिवारी दीड वाजता आपल्या पोटातील सर्व फाइली विषाणूंसाठी तपासाव्यात. सर तास संपवून खात्यातून बाहेर पडतात, यंत्रे चालूच ठेवतात आणि घरी जातात. चार वाजता शिपाईमामा येऊन मुख्य बटण बंद करतात. व्यवस्था चोख आहे.

चार महिन्यांनी एका विद्यार्थ्याच्या पेन ड्राइव्हमधील सगळे फोल्डर नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी त्याच नावांचे 'शॉर्टकट' दिसू लागतात. हा विषाणूंचा जुनाच खेळ आहे. सर नोंदी उघडून पाहतात, तेव्हा असे आढळते की शनिवारची तपासणी या चार महिन्यांत एकदाही झालेली नाही. दर शनिवारी बरोबर दीड वाजता यंत्राने काम सुरू करण्याचा प्रयत्न केला होता आणि दर वेळी त्याला दारातच अडवले गेले होते. सर तपासणीच्या कार्यक्रमावर स्वतः दोनदा टिचकी मारतात, तर तो लगेच चालू होतो! कार्यक्रमात बिघाड नाही, घड्याळ बरोबर आहे, वीजही होती. मग अडवले कोणी?

अडवणारा होता पासवर्ड, म्हणजेच परवलीचा शब्द. अधिक नेमके सांगायचे तर, पासवर्ड नसणे. मुलांना सोपे जावे म्हणून त्या खात्याला पासवर्ड ठेवलेलाच नव्हता. ज्या दाराला कुलूपच नाही त्या दारातून आत जाता येत नाही, हे वाचून तुम्हाला नवल वाटेल. पण विंडोज या प्रणालीत नेमके असेच घडते आणि त्यामागे पक्के कारण आहे. ते कारण समजले म्हणजे दुरुस्ती आपोआप सुचते. कारण न समजता केलेली दुरुस्ती मात्र मूळ बिघाडापेक्षा वाईट ठरू शकते.

आधी थोडे तपासणीविषयी

विषाणूरोधक कार्यक्रम दोन प्रकारे पहारा देतो. पहिल्या प्रकारात एखादी फाइल उघडली किंवा नव्याने लिहिली की त्याच क्षणी तो ती तपासतो. दुसऱ्या प्रकारात ठरलेल्या वेळी तो सगळी तबकडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाळून काढतो. पहिला पहारा असताना दुसरा कशाला, असे कोणी विचारील. समजा, आज एक फाइल यंत्रात आली. तिच्यातील विषाणू इतका नवा आहे की कार्यक्रमाच्या यादीत त्याची ओळख अजून नोंदलेली नाही. फाइल बिनबोभाट आत येते आणि कोपऱ्यात पडून राहते. आठ दिवसांनी यादी अद्ययावत होते. आता तो विषाणू ओळखता येतो, पण त्या फाइलीला कोणी हातच लावला नाही, तर पहिल्या प्रकारच्या पहाऱ्याला ती दिसणार कशी? ती सापडते ती शनिवारच्या झडतीत. ही झडती चुकत राहिली तर यादी कितीही ताजी असो, जुनी घाण तशीच राहते.

काम कोणाच्या नावाने?

आपण यंत्रासमोर बसून एखादा कार्यक्रम चालू करतो, तेव्हा तो आपल्या नावाने चालतो. आपल्या खात्याला ज्या फाइली पाहण्याची मुभा आहे त्या तो पाहू शकतो, बाकीच्या नाही. प्रवेश करताना आपण पासवर्ड दिलेला असतो. त्या बदल्यात यंत्र आपल्याला जणू एक बिल्ला देते आणि आपण चालू केलेला प्रत्येक कार्यक्रम तोच बिल्ला छातीवर लावून वावरतो. खात्यातून बाहेर पडलो की बिल्ला रद्द होतो.

शनिवारी दीड वाजता यंत्रासमोर कोणीच नसते. काम सुरू करतो तो विंडोजचा 'टास्क शेड्युलर', म्हणजे कामांचे वेळापत्रक सांभाळणारा भाग. त्याला काम कोणाच्या तरी नावाने चालवावे लागते, म्हणून तो सरांच्या वतीने दारावर जातो आणि सरांचे नाव व पासवर्ड सांगून नवा बिल्ला मागतो. पासवर्डची मूळ कल्पना अशी की, समोर उभा असलेला माणूस तोच आहे याची खूण त्याने स्वतः पटवावी. नियोजित काम तर मुळात माणसाच्या गैरहजेरीतच करायचे असते. या दोन गोष्टींचा मेळ सहजासहजी बसत नाही. आजच्या विषयातील साऱ्या अडचणी या एका विसंगतीतून निघतात.

विंडोज प्रत्येक प्रवेशाचा प्रकार क्रमांकाने नोंदते. कळफलकासमोर बसून केलेला प्रवेश प्रकार २, जाळ्यावरून दुसऱ्या यंत्रातून केलेला प्रकार ३, आणि वेळापत्रकातील कामासाठी झालेला प्रकार ४. खाते एकच, पासवर्ड एकच, पण दारे निरनिराळी! दर दाराचे नियमही निरनिराळे. सरांनी दोनदा टिचकी मारून केलेला प्रयोग प्रकार २ च्या दारातून झाला. त्यावरून कार्यक्रम ठीक आहे एवढे सिद्ध झाले. प्रकार ४ च्या दाराविषयी त्यातून काहीच कळले नाही.

कुलूप नसलेले दार

२००१ मध्ये विंडोज एक्सपी ही प्रणाली बाजारात आली. तिच्यात एक नियम सुरुवातीपासूनच लागू केलेला होता: ज्या स्थानिक खात्याला पासवर्ड नाही, त्या खात्यात फक्त यंत्राच्या स्वतःच्या पडद्यासमोर बसूनच प्रवेश करता येईल. एक्सपीला मिळणारा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, पण हा नियम नंतरच्या आवृत्त्यांतही कायम आहे.

नियमामागचा विचार साधा आहे. घरातील संगणक कपाटासारखा असतो. त्याच्यासमोर कोण बसू शकतो हे घराच्या दारावरून आधीच ठरलेले असते. तेव्हा पासवर्ड नसला तरी फार बिघडत नाही. पण तोच संगणक जाळ्याला जोडला की त्याच्यासमोर, एका अर्थाने, सारे जग येऊन उभे राहते. तेथे कोऱ्या पासवर्डाचे खाते म्हणजे सताड उघडे दार. म्हणून विंडोजने ठरवले की कोऱ्या खात्यासाठी पडद्यासमोरचे दार सोडून बाकीची दारे भिंतीसारखी बंद ठेवायची. वेळापत्रकाचे दारही त्यातच आले.

यातून एक गमतीदार निष्कर्ष निघतो. जाळ्यावरून येणाऱ्या चोराचा विचार केला तर या नियमाखाली 'पासवर्ड नाही' हे '१२३४५६ हा पासवर्ड आहे' यापेक्षा अधिक सुरक्षित आहे! कोऱ्या खात्याला त्या बाजूने दारच नाही. सोप्या पासवर्डाला मात्र दार आहे आणि त्याची किल्ली चटईखाली ठेवलेली आहे.

हा धोका काल्पनिक नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये 'कॉनफिकर' नावाचा संगणकीय किडा प्रथम आढळला आणि काही महिन्यांत त्याने जगभरातील लाखो यंत्रे ग्रासली. त्याची थोड्याच दिवसांनी आलेली दुसरी आवृत्ती पसरण्यासाठी जे मार्ग वापरी, त्यांतील एक आपल्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. तो जाळ्यावरील शेजारच्या यंत्रातील खात्यांची नावे मिळवी आणि स्वतःजवळच्या यादीतील दोनशेहून अधिक सोपे पासवर्ड एकामागून एक लावून पाही. एखादा लागला की तो स्वतःची प्रत त्या यंत्रात ठेवी आणि ती चालू करण्यासाठी तेथील वेळापत्रकात एक काम नोंदवी! म्हणजे ज्या टास्क शेड्युलरकडून आपण शनिवारची झडती करवून घेऊ इच्छितो, त्याच्याकडूनच किडा स्वतःची कामे करवून घेत होता. वेळापत्रकाच्या दारावर कडक पहारा का हवा, हे आता वेगळे सांगायला नको.

पीठ आणि गहू

बरे, खात्याला चांगला पासवर्ड ठेवला आणि तो टास्क शेड्युलरला सांगितला. प्रश्न सुटला का? आजच्यापुरता सुटला.

येथे थोडे मागे जाऊ. संगणकावर पासवर्ड वापरण्याची पद्धत अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत १९६० च्या दशकाच्या आरंभी सुरू झाली. तेथे एकच मोठा संगणक अनेक संशोधक वाटून वापरीत. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला मिळणारा संगणकाचा वेळ पुरेना. त्याने यंत्राकडून पासवर्डांची सगळी फाइलच छापून घेतली आणि इतरांच्या नावावर काम केले. ही फाइल सरळ वाचता येईल अशा अक्षरांत होती. विद्यार्थी हुशार होता यात शंका नाही, पण दोष जास्त व्यवस्थेचा होता असे मला वाटते.

यावर उपाय असा निघाला की पासवर्ड जसाच्या तसा साठवायचाच नाही. त्याच्यावर अशी गणिती क्रिया करायची की तिचे उत्तर काढणे सोपे, पण उत्तरावरून मूळ पासवर्ड काढणे जवळजवळ अशक्य. गव्हाचे पीठ करता येते, पिठाचा पुन्हा गहू होत नाही. यंत्र फक्त पीठ साठवते. तुम्ही पासवर्ड टंकला की तो दळून पाहते आणि दोन्ही पिठे जुळली तर आत घेते. युनिक्स प्रणालीतील या पद्धतीचे वर्णन रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केले.

आता टास्क शेड्युलरची अडचण पाहा. दारावरच्या पहारेकऱ्याला पीठ पुरते, कारण गहू आणणारा माणूस दर वेळी समोर येतो. टास्क शेड्युलरला मात्र स्वतःच गहू घेऊन दारावर जायचे आहे. म्हणून त्याच्यासाठी पासवर्ड असा साठवावा लागतो की तो पुन्हा मूळ रूपात मिळवता येईल. विंडोज तो सांकेतिक रूपात, कुलूपबंद कप्प्यात ठेवते, हे खरे; पण ती एक स्वतंत्र प्रत आहे. आपण घराचे कुलूप बदलले म्हणून शेजाऱ्याकडे ठेवलेली जादा किल्ली आपोआप बदलत नाही. त्याचप्रमाणे खात्याचा पासवर्ड बदलला तरी शेड्युलरकडची प्रत जुनीच राहते. पुढच्या शनिवारी तो जुनी किल्ली घेऊन दारावर जातो आणि हात हलवत परत येतो.

मोठ्या कार्यालयांत हा प्रकार नेहमीचा आहे. तेथील विंडोज व्यवस्थेत पासवर्डाचे कमाल आयुष्य, कोणी मुद्दाम बदलले नाही तर, ४२ दिवसांचे असते. तपासणी सहा आठवडे सुरळीत चालते आणि मग एकाएकी थांबते. कोणी यंत्राला दोष देतो, कोणी विषाणूरोधक कार्यक्रमाला. बिघाड ठरावीक कालावधीनंतर येत असेल तर पहिला संशय मुदतीचा घ्यावा. अशी सक्तीची मुदत उपयोगी असते का, याविषयी तज्ज्ञांचे मतही बदलले आहे. ठरावीक काळाने बदल करायला लावले की माणसे शेवटचा आकडा एकाने वाढवून मोकळी होतात. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१७ मध्ये अशी सक्ती करू नये असा सल्ला दिला आणि मायक्रोसॉफ्टनेही २०१९ मध्ये आपल्या शिफारशींतून ती काढून टाकली. अनेक ठिकाणी ती अजून चालू आहे, ही गोष्ट वेगळी.

अलीकडच्या यंत्रांत आणखी एक गोंधळ होतो. चार आकडी पिन टंकून आत जायची सवय लागल्यामुळे पिन हाच आपला पासवर्ड अशी समजूत होते. पिन केवळ त्या यंत्रापुरती असते. काम नोंदवताना टास्क शेड्युलर पासवर्ड मागतो तेव्हा त्याला खात्याचा खरा पासवर्डच लागतो, पिन चालत नाही. कित्येकांना तो आठवतही नाही!

यंत्र काय म्हणते ते वाचा

आता दुरुस्तीकडे वळू. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एका वेळी एकच राशी बदलायची, बाकीच्या स्थिर ठेवायच्या, असा दंडक आहे. येथेही तोच पाळावा. काम न होण्याची कारणे दोन गटांत पडतात: काम सुरूच झाले नाही, किंवा सुरू होताना अडवले गेले. पहिल्या गटात यंत्र बंद असणे, घड्याळ चुकीचे असणे यांसारखी कारणे येतात. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रात विजेची जोडणी नसेल तर शेड्युलर सामान्यतः काम हाती घेत नाही, हेही याच गटातले. दुसऱ्या गटातील कारण शोधण्यासाठी अंदाज बांधत बसावे लागत नाही. यंत्र ते लिहून ठेवते. मात्र ते आकड्यांत लिहिते, म्हणून पुष्कळजण तिकडे पाहतच नाहीत.

टास्क शेड्युलर उघडला की प्रत्येक कामासमोर मागच्या वेळचा निकाल दिसतो. (सविस्तर इतिहास पाहायचा असेल तर ती नोंद चालू आहे ना, हे आधी पाहावे, काही आवृत्त्यांत ती बंद असते.) तेथे समजा ८००७०५२एफ असे काही लिहिले आहे. त्याच्या आधी शून्य आणि एक्स ही खूण असते. तिचा अर्थ असा की हा आकडा दशमान पद्धतीतील नाही, तर सोळा पाया असलेल्या पद्धतीतील आहे. या पद्धतीत दहापासून पंधरापर्यंतच्या अंकांसाठी ए पासून एफ पर्यंतची अक्षरे वापरतात. डावीकडचा ८ ही अपयशाची खूण, ७ म्हणजे संदेश विंडोजच्या मूळ भागाकडून आला आहे, आणि शेवटची चार स्थाने म्हणजे खरा चूक-क्रमांक. तो सोडवू:

०५२एफ = (५ × २५६) + (२ × १६) + १५ = १२८० + ३२ + १५ = १३२७

१३२७ चा अर्थ 'खात्यावरील निर्बंधामुळे प्रवेश नाही'. आपल्या संगणक कक्षातील कोऱ्या पासवर्डाची तक्रार ती हीच. शेवटचे अक्षर एफ ऐवजी ई असेल तर क्रमांक १३२६ होतो आणि त्याचा अर्थ 'नाव किंवा पासवर्ड चुकीचा', म्हणजे शेजाऱ्याकडची जुनी किल्ली. एका अक्षराचा फरक, पण दुरुस्ती अगदी वेगळी! १३३० म्हणजे पासवर्डाची मुदत संपली. १३३१ म्हणजे खातेच बंद केलेले आहे. १३८५ म्हणजे पासवर्ड बरोबर आहे, पण या खात्याला या प्रकारच्या दाराने येण्याचा अधिकार दिलेला नाही.

कधी कधी यंत्र हाच क्रमांक दशमान पद्धतीत सबंध लिहिते, उदाहरणार्थ २१४७९४३७२६. घाबरण्याचे कारण नाही. त्यातून २१४७९४२४०० वजा करा. उरले १३२६. वजा केलेली संख्या कोठून आली, हे तुम्ही ८००७०००० या सोळा पायाच्या आकड्याचे दशमान रूप काढून पडताळून पाहू शकता. नववीच्या विद्यार्थ्याला हे सहज जमावे.

उपाय कोणता?

क्रमांक १३२७ आला आणि कारण कोरा पासवर्ड हेच निघाले, तर चार वाटा आहेत. त्या सारख्याच चांगल्या नाहीत.

पहिली वाट म्हणजे तो नियमच बंद करून टाकणे. विंडोजच्या व्यावसायिक आवृत्तीत सुरक्षाविषयक धोरणांच्या यादीत तो सापडतो आणि एका टिचकीने बंद करता येतो. तपासणी त्याच शनिवारी सुरू होते. माझ्या मते ही सर्वांत वाईट वाट आहे. वरचेवर वितळणाऱ्या फ्यूजच्या जागी जाड तांब्याची तार घालणाऱ्या माणसासारखे ते आहे. दिवा लागतो खरा, पण आता घरच पेटू शकते. विषाणू शोधणारी तपासणी चालू व्हावी म्हणून विषाणूंसाठी जाळ्याकडचे दार उघडायचे, याला काय म्हणावे?

दुसरी वाट म्हणजे 'सर खात्यात असतानाच काम करावे' असा पर्याय निवडणे. तेव्हा शेड्युलरला नवा बिल्ला लागत नाही. तो सरांचाच बिल्ला वापरतो आणि पासवर्डाचा प्रश्नच येत नाही. घरगुती संगणकाला हे पुरेसे आहे. शाळेत मात्र सरांना आपले खाते उघडे ठेवून जावे लागेल, आणि रिकाम्या वर्गात शिक्षकांचे उघडे खाते ही काय चीज आहे हे विद्यार्थ्यांना मी सांगायला नको.

तिसरी वाट खात्याला चांगला पासवर्ड देण्याची. चांगला म्हणजे किती मोठा? चार अंकांचे फक्त १०,००० प्रकार होतात. इंग्रजी वर्णमालेतील आठ लहान अक्षरांचे २६ चा आठवा घात, म्हणजे सुमारे २०,८८३ कोटी प्रकार होतात. संख्या डोळे दिपवणारी आहे, पण आजची वेगवान यंत्रे चोरलेल्या पिठाशी ताडून पाहताना तीही लवकर संपवतात. लांबी वाढवणे हाच खरा उपाय, कारण प्रत्येक जादा अक्षराबरोबर काम २६ पट वाढते. संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडले की पासवर्ड लांबही होतो आणि लक्षातही राहतो. शाळेचे नाव आणि पुढे १२३, हा पासवर्ड मात्र शाळेच्या फलकावर रंगवून ठेवल्यासारखाच समजावा. शक्य असेल तर नियोजित कामांसाठी एक वेगळेच खाते करावे. त्याचा पासवर्ड लांबलचक असावा, रोजच्या कामात कोणी तो टंकू नये, आणि त्याची लेखी प्रत मुख्याध्यापकांच्या कपाटात बंद पाकिटात ठेवावी. मग सरांनी स्वतःचा पासवर्ड कितीही वेळा बदलला तरी शनिवारच्या कामात खंड पडत नाही.

चौथी वाट तपासणीच्या कामाला मला सर्वांत योग्य वाटते. विंडोजमध्ये 'सिस्टम' नावाचे एक अंगभूत खाते असते. ते कोणा माणसाचे नाही, यंत्राचे स्वतःचे आहे. त्याला पासवर्ड नसतो आणि त्या नावाने कोणाला पडद्यासमोर बसून आत जाता येत नाही. यंत्रातील जवळजवळ सर्व फाइली त्याला वाचता येतात. विंडोजबरोबर येणारा 'डिफेंडर' आपली नियोजित तपासणी याच नावाने चालवतो, म्हणून त्याला पासवर्डाची अडचण येत नाही. पण येथेही दोन पथ्ये आहेत. एक म्हणजे, हे खाते यंत्राबाहेर जवळजवळ अनोळखी असते. दुसऱ्या संगणकावरील सामायिक फोल्डर त्याच्याकडून तपासून घेता येईल अशी अपेक्षा धरू नये. दुसरे पथ्य जास्त महत्त्वाचे. 'सिस्टम'च्या नावाने जो कार्यक्रम चालवायचा, त्याची फाइल अशा फोल्डरमध्ये हवी की जेथे साध्या खात्याला काही लिहिता येणार नाही. नाहीतर एखादा उपद्व्यापी विद्यार्थी त्याच नावाची स्वतःची फाइल तेथे ठेवील आणि शनिवारी दीड वाजता सारे यंत्र त्याच्या हुकमतीत जाईल.

खात्री कशी करायची?

दुरुस्ती केल्यावर कार्यक्रमावर दोनदा टिचकी मारून 'चालला!' म्हणू नये. ते दार आपले नव्हेच. कामाची वेळ पाच मिनिटांनंतरची लावावी, खात्यातून पूर्ण बाहेर पडावे आणि पंधरा मिनिटे थांबावे. परत येऊन तीन गोष्टी पाहाव्यात: शेड्युलरच्या नोंदीत निकालाचा आकडा शून्य आला का (काही कार्यक्रम विषाणू सापडल्यास मुद्दाम शून्याव्यतिरिक्त आकडा देतात, तेव्हा त्याची पुस्तिका पाहावी), विषाणूरोधकाच्या स्वतःच्या नोंदीत तपासणीची तारीख व वेळ पडली का, आणि तपासलेल्या फाइलींची संख्या पटण्याजोगी आहे का. बारा सेकंदांत संपलेली 'संपूर्ण तपासणी' संपूर्ण नसते. संगणक कक्षाच्या भिंतीवर एक तक्ता लावून दर सोमवारी एका विद्यार्थ्याने बाराही यंत्रांवरील शेवटच्या तपासणीची तारीख त्यात लिहावी. दोन मिनिटांचे काम आहे, आणि त्या शाळेत हा तक्ता असता तर चार महिन्यांचा खंड दुसऱ्याच सोमवारी उघडकीस आला असता.

आता तुमच्यासाठी एक कोडे. एका कार्यालयात शनिवारची तपासणी वर्षभर नीट चालली होती. एके दिवशी ती अडली आणि नोंदीत २१४७९४४३०९ हा आकडा दिसला. पासवर्ड कोणी बदललेला नव्हता आणि त्याची मुदतही संपलेली नव्हती. त्याच दिवशी इतर काही कर्मचाऱ्यांनाही आपापल्या खात्यात जाता येईना. वजाबाकी केल्यावर जो क्रमांक उरतो त्याचा अर्थ 'चुकीचे पासवर्ड अनेक वेळा दिल्यामुळे खात्याला तात्पुरते कुलूप' असा आहे. क्रमांक काढा, आणि ते चुकीचे पासवर्ड कोण देत असावे याचा विचार करा. उत्तर याच लेखात आहे.